माणसाची आरसी

माझं झेरॉक्सचं दुकान बेळगावात, सरकारी कचेऱ्यांच्या वाटेवर. रोज इतक्या आरसी हातातून जातात की परवा स्वेटरवाली अक्का म्हणाली, ‘आरसीच्या दोन कॉप्या द्या’, तेव्हा मी सवयीनं विचारलं, ‘टू-व्हीलर का फोर-व्हीलर?’

‘गाडीची नव्हं हो. माझी.’

दिवाळी झाली की हे तिबेटी लोक मुंडगोडहून लोकरीचे गठ्ठे घेऊन येतात आणि संक्रांतीला परततात. मुंडगोडची तिबेटी निर्वासितांची वसाहत 1966 ची. अक्का तिथंच जन्मली. तिचं कन्नड माझ्यापेक्षा साफ आहे (पप्पांसमोर हे बोलायची सोय नाही). तरी तिच्या आरसीत, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राच्या पुस्तिकेत, तिची नोंद परदेशी म्हणून. फोटो, शिक्के, मुदतीच्या तारखा. मुदत संपायच्या आत पुन्हा रांगेत उभं राहायचं. चीनचा पासपोर्ट तिच्याकडं नाही, भारताचाही नाही.

तिनं आणखी दोन कागद काढले. तिचा आणि थोरल्या भावाचा जन्मदाखला. मी दोन्ही शेजारी शेजारी काचेवर पालथे ठेवले. आईबाप तेच, गाव तेच. भाऊ 1986 चा, ही 1988 ची. 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आत जो भारतात जन्मला तो जन्मानंच नागरिक, आईबाप कुठलेही असोत. त्यानंतर जन्मलेल्यांना आईबापांपैकी एक तरी नागरिक असावा लागतो. यांचे दोघंही तिबेटातून चालत आलेले. कायदा असूनही भावासारख्यांना पासपोर्ट मिळायची मारामारच होती. 2010 ला दिल्ली हायकोर्टानं अशाच एका मुलीच्या बाजूनं निकाल दिला तेव्हा वाट जरा मोकळी झाली. भावानं पासपोर्ट काढला. बहिणीकडं आरसी.

आणि अक्काच्या लेकीकडंही आरसीच, कारण नवराही नागरिक नाही. पोरगी नर्सिंग शिकतेय. सरकारी भरतीचा फॉर्म भरायला घेतला की राष्ट्रीयत्वाच्या रकान्यापाशीच पेन थांबतं. बाहेरदेशी जायचं तर पासपोर्टाऐवजी एक पिवळी पुस्तिका मिळते. ती विमानतळावर दाखवली की साहेब उलटीसुलटी करून बघत बसतो, असं अक्का सांगत होती. मत नाही, त्यामुळं निवडणुकीत तिच्या स्टॉलवर एक पुढारी फिरकत नाही. एवढ्यापुरता मला तिचा हेवा वाटला.

पप्पा कोपऱ्यात खुर्चीवर. दर 1 नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीला जाणारा माणूस. 1956 ला आपल्याला म्हैसूर राज्यात घातलं, ही त्यांची ठसठस अजून गेलेली नाही, आणि 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. मी त्यांना सांगितलं, अशांना इंग्रजीत स्टेटलेस म्हणतात.

‘मग आमच्यासारखंच की!’ पप्पा म्हणाले. ‘आमाला तरी कुठं आमचं स्टेट मिळालंय?’

‘पप्पा, तुम्ही ज्यांच्याविरुद्ध फेरी काढता त्यांना मत देऊन पाडताही येतं की तुम्हाला.’

‘पडलेत कधी?’ म्हणाले, पण मग गप्प झाले. जरा वेळानं उठून काउंटरपाशी आले, चष्मा कपाळावर ढकलून आरसीचं पहिलं पान बघितलं.

‘कोपरे फाटलेत की गं पोरी. ए, लॅमिनेशन करून दे तिला. पैसे नको घेऊस.’

अक्कानं पुस्तिका झटकन ओढून घेतली.

‘नको नको. मग पुढचा शिक्का कुठं मारतील?’