खोलीतला तिसरा

वसतिगृहाच्या नियमावलीत ‘पाळीव प्राण्यांस सक्त मनाई’ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुत्रा-मांजरच असणार. भुंकणं, केस, वास, शेजारच्या खोलीच्या तक्रारी. लेपर्ड गेको काही त्याच्या मनात आला नसेल. वीतभर लांबीचा हा ठिपकेदार, पालीचा भाऊबंद ना भुंकतो, ना केस गाळतो. कात टाकतो, पण तीही बहुधा स्वतःच खाऊन मोकळा होतो. कपडे खुर्चीवर टाकून जाणाऱ्या रूममेटपेक्षा बराच बरा.

घरातल्या पालीसारखे चिकट तळवे त्याला नसतात, त्यामुळे तो भिंतीवर चढत नाही. वर त्याला पापण्या असतात, ज्या बहुतेक पालींना नसतात. दिवसभर झोपलेला हा प्राणी मधेच एक डोळा किलकिला करून बघतो, तेव्हा त्याचं आपल्याविषयी काहीतरी मत आहे असं उगाच वाटतं. (वाटतं एवढंच. हातावर निवांत बसतो तो हात उबदार असतो म्हणून.)

खरं भांडण पेटतं ते त्याच्या जेवणावरून. त्याला हवेत जिवंत रातकिडे. समोर काही वळवळल्याशिवाय याची भूक सहसा जागी होत नाही. ते कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून द्यायचे, नाहीतर हाडं मऊ पडतात. गेकोला आनंदाने हो म्हणणारा रूममेट किड्यांचा डबा पाहिला की पहिल्यांदा गंभीर होतो. त्यातला एखादा नर निसटला, तर परीक्षेच्या आदल्या रात्री कपाटामागे त्याची मैफल. मीलवर्म नावाच्या अळ्या निदान गप्प असतात. फ्रिजमध्ये त्या बरेच दिवस टिकतात, पण मजल्यावरचा फ्रिज सगळ्यांचा असेल तर हे बोलून दाखवण्याआधी चारदा विचार करावा. पाण्याची वाटी तरी सगळे दात घासतात त्या बेसिनमध्ये धुऊ नये. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

मग उबेचा प्रश्न. शीत रक्ताच्या या प्राण्याला खाल्लेलं पचवायलाही बाहेरची ऊब लागते. पेटीच्या एका टोकाला 32 अंशांच्या आसपास, दुसरीकडे 25. म्हणजे हीटिंग मॅट आली, थर्मोस्टॅट आला, आणि नियमावलीतलं विजेच्या उपकरणांचं कलमही आलं. लपवून ठेव म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. तपासणीच्या दिवशी बॅगेत कोंबलेला गेको घाबरून शेपूट टाकू शकतो, आणि त्याची चरबीची सगळी पुंजी त्या शेपटीतच असते. नवी फुटते, पण बोजड, कांद्यासारखी. त्यापेक्षा वॉर्डनकडून लेखी परवानगी घ्यावी.

वॉर्डनच्याही आधी आईची. कारण पदवी तीन-चार वर्षांची, आणि नीट सांभाळलेला गेको 15 ते 20 वर्षं जगतो. बॉल पायथन हा पाळला जाणारा छोटा अजगर तर 30 वर्षंही काढतो. सुट्टीत वसतिगृह रिकामं झालं की पेटी घरी जाते, नोकरी लागली की घरीच राहते. पाल दिसली की झाडू उचलणारी माऊली मग फोनवर आधी त्याचीच खबर देते: आज दोन किडे खाल्ले हो त्याने. तू जेवलास का, हा प्रश्न नंतर.