बिल मार्चमध्ये, पाऊस जूनमध्ये

सरकारी कामांवर लक्ष ठेवायचं म्हटलं की आपल्याकडे सगळी चर्चा टेंडरपाशीच थांबते. कोणाला मिळालं, एस्टिमेटपेक्षा किती टक्के बिलो (कमी दराने) गेलं, कोणाचा माणूस. ऑनलाइन टेंडरने फरक पडलाय हे मान्य, पण वर्क ऑर्डर निघाल्यावर पुढे काय होतं ते बघायला कोणी नसतं आणि माझ्या मते खरा घोळ तिथेच आहे.

कोकणात तर वेळापत्रकच उलटं. निधी उशिरा येतो, ३१ मार्चच्या आत तो खर्च दाखवायचा असतो, म्हणून पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा), साकव (छोटे पूल), मोऱ्या, डांबरीकरण सगळं शेवटच्या दोन महिन्यांत धावपळीत उरकतात, एमबीवर (झालेल्या कामाच्या नोंदवहीत) मोजमाप चढतं, बिल निघतं आणि मग जूनमध्ये पाऊस येतो, तोही वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडणारा. आमच्या वाडीच्या रस्त्याला एस्टिमेटमध्ये बाजूचं गटार होतं, ते काढलंच नाही. पहिल्या मोठ्या पावसात पाणी रस्त्यावरून वाहिलं आणि कडेची खडी पऱ्यात (ओढ्यात) गेली. विचारलं तर उत्तर आलं, काम पूर्ण झालंय. राग येतो हो, म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात न्यायचा तो एकच रस्ता आहे.

मालवणला राजकोट किल्ल्यावर महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला, पहिल्याच पावसाळ्यात, कोसळला. आठवलं की अजून पोटात कालवतं. चिपळूणमधलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, माणसं वाहून गेली, आणि गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच दिलेल्या होत्या.

म्हणून माझं म्हणणं आहे की आपल्याकडे दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने ते स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, पावसाळ्यांत मोजा. अमुक कामाला दोन पावसाळे, अमुक कामाला तीन. दर ऑक्टोबरमध्ये इंजिनिअर, ठेकेदार आणि गावातली दोन माणसं एकत्र फिरून पाहणी करतील, सह्या होतील, त्याशिवाय ठेकेदाराची जमा असलेली अनामत रक्कम सोडायची नाही. अशक्य काही नाही यात, प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते. आणि हो, नीट केलेल्या कामाचं बिलसुद्धा वेळेत द्या, नाहीतर प्रामाणिक छोटा ठेकेदार टेंडर भरायचंच सोडतो, मग मागे कोण उरतं ते आपण बघतोच.

तोपर्यंत आपल्या हातात माहिती अधिकार आहे. २००५ च्या या कायद्यात नुसते कागद मागायचा हक्क नाही, चालू कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचाही हक्क आहे, हे फार लोकांना माहीतच नसतं. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. एस्टिमेट, वर्क ऑर्डर, एमबीची प्रत मागा, आणि दोष दायित्व कालावधी कोणत्या तारखेला संपतो, किती अनामत जमा आहे हे नक्की विचारा. ती तारीख उलटून अनामत परत गेली की ठेकेदाराला बोलवायला हातात काही राहत नाही. त्याच्या आधी फोटो लावून कार्यकारी अभियंत्याच्या नावाने लेखी तक्रार द्या, आवक क्रमांक टाकलेली पोच घ्या, फोनवर सांगून काही होत नाही.

गणपतीला चाकरमानी सगळे गावात असतात, पावसानेही तोवर काय उखडायचं ते उखडलेलं असतं. यंदा आरतीनंतर वाडीची बैठक होईल तेव्हा फोटो आणि सह्या तिथेच गोळा करूया. कोणाला अर्जाचा मसुदा हवा असेल तर सांगा, देतो.