तुम्ही विचारलंत म्हणून: धडधाकट मुलीला मेंदूज्वराची लस कशाला?

जून-जुलैत परदेशी शिकायला निघालेली मुलं आणि त्यांचे आईवडील दवाखान्यात येऊ लागतात. इंग्लंडला जाणाऱ्यांच्या हातातल्या यादीत 'मेन-एसीडब्ल्यूवाय' ही लस (मेनिंगोकॉकस या जिवाणूच्या ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चार प्रकारांविरुद्धची) असते आणि प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, हिची तब्येत उत्तम, घर स्वच्छ, बाहेरचं खाणं नाही. मग मेंदूज्वराची लस कशाला?"

प्रश्न रास्त आहे, पण त्यामागे एक समज दडलेला असतो : जंतू म्हणजे अस्वच्छता. हा मेंदूज्वर आणणाऱ्या मेनिंगोकॉकस या जिवाणूला तो समज लागू पडत नाही. हा जिवाणू फक्त माणसातच राहतो, नाकामागच्या आणि घशाच्या आतल्या अस्तरावर, आणि शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही. साधारण दहातल्या एका धडधाकट माणसाच्या घशात तो काही आठवडे किंवा महिने मुक्काम करतो आणि त्या माणसाला पत्ताही लागत नाही. फार थोड्यांच्या बाबतीत तो रक्तात उतरतो, आणि मग मात्र तासातासाला परिस्थिती बिघडते.

घशात कोण राहणार हे बरंचसं आपल्या सोबतीवर ठरतं. याचा मला सर्वात पटलेला पुरावा इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठातला आहे. 1997 च्या शरद ऋतूत पहिल्या वर्षाची मुलं वसतिगृहात राहायला आली तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या घशातले नमुने घेतले. पहिल्या दिवशी 6.9 टक्के मुलांच्या घशात हा जिवाणू सापडला. दुसऱ्या दिवशी तपासलेल्यांत 11.2 टक्के, तिसऱ्या दिवशी 19, चौथ्या दिवशी 23.1. चार दिवसांत तिपटीहून जास्त! या मुलांनी त्या दिवसांत वावगं असं काहीच केलेलं नव्हतं. नवे मित्र जोडले, वसतिगृहातल्या बारमध्ये दाटीवाटीने बसून, संगीताच्या वर आवाज चढवून गप्पा मारल्या. जे बारमध्ये जास्त वेळा गेले आणि जे सिगारेट ओढत होते, त्यांच्यात जिवाणू येण्याचं प्रमाण जास्त होतं.

पुढे ब्रिटनमधल्याच 15 ते 17 वर्षांच्या हजारो मुलांच्या पाहणीतही तेच दिसलं : पब-क्लबला जाणं, गाढ चुंबन, धूम्रपान. वाढत्या वयाबरोबर हा जिवाणू वाढतो असं दिसतं खरं, पण त्यामागे मुख्यतः त्या वयातलं वागणं असतं. धुराने घशाचं अस्तर दुखावतं, हे सिगारेटच्या बाबतीत एक कारण मानलं जातं. मुलं जाण्याआधी मी त्यांच्याशी सिगारेटबद्दल स्पष्ट बोलते, आईवडिलांना बाहेर बसवून.

उष्ट्याबद्दल हमखास विचारतात. ज्यांच्या घशात हा जिवाणू आहे त्यांच्याही लाळेत तो क्वचितच सापडतो. त्यामुळे एकाच ग्लासातून प्यायल्याची एवढी धास्ती नको. जवळून, बराच वेळ, बंद जागेतला श्वास हा खरा मार्ग.

पहिल्या महायुद्धात ग्लोव्हर या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी इंग्लंडमधल्या कॅटरहॅमच्या बराकीत हेच पाहिलं होतं. भरती वाढली, पलंग एकमेकांना खेटले आणि सैनिकांच्या घशातला हा जिवाणू भराभर पसरला. त्यांनी पलंगांमध्ये किमान अडीच फूट अंतर ठेवायला लावलं आणि प्रमाण उतरलं. मुंबई-पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्यांना त्या खोल्या डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही.

म्हणून माझं सांगणं असं की मुलीला मित्रांपासून दूर राहायला सांगू नका. परक्या देशात पहिल्या आठवड्यात माणसं जोडणं हे तिच्या मनासाठी अत्यंत गरजेचं आहे. लस द्या, म्हणजे ती निर्धास्तपणे मिसळेल. ब्रिटनने नोव्हेंबर 1999 मध्ये सी प्रकाराविरुद्धची लस सुरू केली तेव्हा वर्षभरात शाळकरी तरुणांच्या घशातलं त्या प्रकाराचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटलं आणि लस न घेतलेल्यांमध्येही आजार कमी झाला. डब्ल्यू प्रकार वाढू लागल्यावर 2015 पासून तिथे किशोरांना आणि विद्यापीठात नव्याने येणाऱ्यांना चारही प्रकारांची लस दिली जाते. पंचविशीच्या आतल्या, पहिल्यांदाच विद्यापीठात जाणाऱ्यांना ती तिथे मोफत मिळते. पण नॉटिंगहॅमचे ते चार दिवस आठवा. तिथे पोहोचून, डॉक्टरकडे नाव नोंदवून लस घेईपर्यंत ते केव्हाच उलटून जातात. निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे आधी इथेच घ्या.

एक गोष्ट मात्र लस घेणाऱ्या प्रत्येकाला मी बजावते. या लशीत बी प्रकार नाही. त्याची लस वेगळी आहे, आणि ऑस्ट्रेलियात हजारो शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात तिने घशातला जिवाणू कमी झाला नाही. ती टोचून घेणाऱ्याला वाचवते, शेजाऱ्याला नाही. म्हणून लक्षणं पाठ हवीत : ताप, जोराची डोकेदुखी, उलट्या, मान आखडणं, उजेड सहन न होणं, हातपाय गार पडणं, गुंगी. अंगावर लाल-जांभळे ठिपके आले तर त्यांवर काचेचा ग्लास दाबून पाहा. तरीही ते फिके पडले नाहीत तर ताबडतोब रुग्णालय गाठा. आपल्या सावळ्या त्वचेवर ठिपके चटकन दिसत नाहीत, तेव्हा तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजू बघा. मात्र ठिपक्यांची वाट पाहत बसू नका, ते उशिरा येतात किंवा येतही नाहीत. आणि हे सगळं मुलीबरोबर तिच्या खोलीतल्या मैत्रिणीलाही माहीत असू द्या. तापाने गुंगीत गेलेल्या मुलीला स्वतः 999 ला (ब्रिटनमधला तातडीच्या मदतीचा क्रमांक) फोन लावता येईलच असं नाही.