ब्रेकपॉइंटचा उंचवटा: बाटल्यांच्या रांगेतल्या नोंदी

माशांच्या टाकीत ओतण्याआधी नळाचं पाणी तपासणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांची तपासणी एका कुपीत संपते. डीपीडी, म्हणजे क्लोरीन असेल तर गुलाबी होणारं रसायन, टाकलं; गुलाबी झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. या वेळचा प्रयोग याच समजुतीला भिडणारा होता. पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन वाढवत नेल्यावर रंग आधी चढतो, मग उतरतो आणि पुन्हा चढतो, हे वाचलेलं होतं. तो उतरताना मला पाहायचा होता.

आधी तयारी. ब्लीचिंग पावडर, म्हणजे गावाकडे जिला सगळे टीसीएल म्हणतात ती, ३ ग्रॅम घेऊन लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात ढवळली आणि वरची निवळ वापरली. ताज्या पावडरीत उपलब्ध क्लोरीन साधारण ३३ टक्के असतो, त्यामुळे निवळीचा १ मिली एका लिटरात टाकला की सुमारे १ मिलिग्रॅम क्लोरीन जातो. पावडर दमट हवेत पटकन उतरते, म्हणून पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका. नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात डीपीडीने निवळीची ताकद आधी मोजा. नवसागर (अमोनियम क्लोराइड) लिटरला १.९ ग्रॅम, त्याचा १ मिली लिटरभर पाण्यात टाकला की नायट्रोजनच्या हिशेबात अर्धा मिलिग्रॅम अमोनिया होतो. कल्हईचा नवसागर नको, प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्या. प्रत्येक बाटलीत चिमूटभर खाण्याचा सोडा. आणि हे कळकळीने सांगतो: दोन्ही द्रावणं थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. नवसागर आधी लिटरभर पाण्यात विरू द्यायचा, मग क्लोरीन. ॲसिड तर त्या खोलीतही नको.

बाटल्यांत लिटरला १ पासून ५ मिलिग्रॅमपर्यंत चढता क्लोरीन टाकला, झाकणं लावली आणि तासभर कपाटाच्या अंधारात ठेवल्या. मग प्रत्येक बाटलीतून १० मिली कुपीत घेऊन एकूण क्लोरीन पाहिला, म्हणजे डीपीडी-१ (अमोनियाला न धरलेला, मोकळा क्लोरीन दाखवतं) नंतर डीपीडी-३ (अमोनियाला धरलेलाही दाखवतं).

१ च्या बाटलीत फिकट गुलाबी, २ मध्ये गडद, अडीचमध्ये सगळ्यात गडद. इथपर्यंत क्लोरीन अमोनियाला धरून मोनोक्लोरामाइन होतो. ३ मध्ये रंग उघडच उतरला. साडेतीनमध्ये आणखी. ४ च्या कुपीत तर मागे पांढरा कागद धरल्याशिवाय गुलाबी आहे हे कळेना. अडीचपेक्षा दीड मिलिग्रॅम क्लोरीन जास्त घातलेलं पाणी जवळजवळ रंगहीन! वजनाने क्लोरीन नायट्रोजनच्या साधारण साडेसात पटीवर गेला की क्लोरामाइन मोडतं आणि नायट्रोजन बहुतांशी वायू होऊन निघून जातो. हाच ब्रेकपॉइंट. ५ च्या बाटलीत रंग परतला, आणि या वेळी डीपीडी-१ टाकताक्षणी आला. हा मोकळा क्लोरीन.

वेळेची नोंद इथे रंगाइतकीच महत्त्वाची आहे. २ च्या बाटलीत डीपीडी-१ टाकल्यावर पहिल्या काही सेकंदांत पाणी जवळपास स्वच्छ होतं, पण कुपी तशीच ठेवली तर गुलाबी हळूहळू चढत गेला, कारण क्लोरामाइनही सावकाश रंग देतं. मोकळा क्लोरीन मिनिटाच्या आत मोजला नाही, तर मोजलं जातं ते क्लोरामाइनही.

मग शेवटची कुपी: १० मिली पाण्यात अर्धा मिली मूळ निवळ, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास. डीपीडी टाकल्यावर गुलाबी लकेर चमकली आणि विरली. पाणी नितळ. क्लोरीनने रंगच खाऊन टाकला. तीच कुपी डिस्टिल्ड पाण्याने पन्नास पट पातळ करून तपासली तेव्हा ठसठशीत गुलाबी.

म्हणजे जवळजवळ नितळ कुपी तीन वेगळ्या पाण्यांतून मिळते: क्लोरीनच नसलेल्या, ब्रेकपॉइंटवरच्या आणि क्लोरीन अतोनात असलेल्या. डोळ्याला दिसतो तो रंग. क्लोरीन कुणालाच दिसत नाही. तो आपण शेजारच्या कुप्या, घड्याळ आणि पातळ केल्यावरचा बदल यांवरून ठरवतो. माझ्या मते निरीक्षण म्हणायचं ते या सगळ्याला मिळून.

विहिरीच्या पाण्याला किती ब्लीचिंग पावडर लागेल हे ठरवणारा हॉरॉक्स संच मला म्हणूनच फार आवडतो. सहा पांढऱ्या वाट्यांत चढता डोस, अर्धा तास थांबणं, मग स्टार्च-आयोडाइडचा थेंब, आणि स्पष्ट निळी झालेली पहिली वाटी शोधायची. तिच्या क्रमांकाची दुप्पट, तितके ग्रॅम पावडर ४५५ लिटरला. एकट्या वाटीला तिथे काही अर्थच नाही.

टाकीवाल्यांसाठी कामाची गोष्ट: पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, आणि तेवढाही माशांच्या कल्ल्यांना घातक ठरतो. थायोसल्फेटने, म्हणजे ॲन्टिक्लोरीनने, क्लोरामाइन मोडलं तरी अमोनिया मागे राहतो, तेव्हा ते टाकून झाल्यावर अमोनियाची चाचणी करा.

पुढची फेरी बोअरवेलच्या पाण्यावर. क्लोरीनने ऑक्सिडाइझ झालेलं मँगनीज डीपीडीला गुलाबी करतं, क्लोरीन संपला असला तरी. आमच्या सोसायटीत नळाचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत पडतं, म्हणून दोन्हींचे नमुने मिसळण्याआधीच घेऊन ठेवले आहेत.