रेंजवर मुलांचे कान: आकडा पाकिटावर, संरक्षण डोक्यावर

मुलाला शूटिंग रेंजवर न्यायचं ठरलं की बहुतेक पालक इअरमफच्या (दोन्ही कान झाकणाऱ्या कपांच्या) पाकिटावरचा आवाज कमी करण्याचा सगळ्यांत मोठा आकडा शोधतात. आकडा बघावाच. पण मुलाच्या कानाला प्रत्यक्षात किती संरक्षण मिळणार, हे कप कानाभोवती कसा बसतो यावर जास्त ठरतं. ही साधनं प्रयोगशाळेत मोठ्या माणसांच्या डोक्यावर तपासलेली असतात. सात-आठ वर्षांच्या मुलाचं डोकं लहान आणि जबडा अरुंद असतो. मोठ्यांचा कप त्याच्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी, उघडा राहतो आणि आवाज तिथूनच आत शिरतो.

आवाज किती असतो ते आधी बघू. पॉइंट टू टू रायफलचा (सगळ्यांत बारीक गोळ्यांपैकी एक) बार नेमबाजाच्या कानाशी १४० डेसिबलच्या आसपास असतो, नऊ एमएम पिस्तुलाचा १६०च्या घरात. अशा क्षणिक आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांना १४० आणि मुलांना १२० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. २० डेसिबलचा फरक म्हणजे आवाजाचा दाब दहापट, हे लक्षात घेतलं की मुलांची मर्यादा किती कडक आहे ते कळतं. पिस्तुलाचा एकच बार उघड्या कानाची कायमची हानी करू शकतो. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

आता पाकिटावरचा आकडा. साधन किती डेसिबल आवाज कमी करतं ते तो सांगतो. अमेरिकी मालावर तो एनआरआर म्हणून छापतात, युरोपीय मालावर एसएनआर म्हणून. दोन्हींच्या चाचण्या वेगळ्या असल्याने एका मफचा एनआरआर दुसऱ्याच्या एसएनआरशी ताडून पाहू नये. त्याच वस्तूचा एसएनआर सहसा मोठाच येतो. शिवाय हा आकडा जसाच्या तसा धरायचा नसतो. अमेरिकेतली कामगार-आरोग्य संस्था नायॉशने १९९८मध्ये सांगितलं होतं की इअरमफच्या एनआरआरमधून २५ टक्के आणि फोम प्लगमधून (कानात घालायच्या फोमच्या बुचातून) ५० टक्के वजा करा. म्हणजे २४चा मफ १८ धरायचा, ३२चा फोम प्लग १६. दोन्ही एकत्र घातले तर बेरीज ३४ होत नाही. जो मोठा आकडा असेल त्यात साधारण ५ मिळवायचे, म्हणजे २३. कान पूर्ण झाकले तरी काही आवाज कवटीच्या हाडांतून आत जातोच.

या ढोबळ हिशेबाने पॉइंट टू टू रायफलचे १४० मुलाच्या कानापर्यंत ११७ होऊन पोचतात, जेमतेम मर्यादेच्या आत, आणि तेही दोन्ही साधनं घातल्यावर. नऊ एमएमचे १६० मात्र १३७ उरतात. म्हणून माझं ठाम मत आहे की बारुदाच्या शस्त्राजवळ मुलाला प्लग आणि मफ दोन्ही हवेत, आणि मोठ्या बोअरची (जाड गोळीची) शस्त्रं चालू असलेल्या बंदिस्त रेंजवर मूल नकोच. भिंती आणि छत आवाज परतवतात, आखूड नळी आणि मझल ब्रेक (धक्का कमी करायला नळीच्या तोंडाशी लावलेला भाग) तो आणखी वाढवतात. शेजारच्या लेनमध्ये काय चाललंय हे विचारल्याशिवाय आत जाऊ नये. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, त्यामुळे नुसतं बघायला आलेलं मूल जितकं मागे तितकं बरं. तान्ह्या बाळांसाठी मऊ पट्ट्याचे मफ मिळतात, पण त्यांची पकड हलकी असते. ते गर्दीच्या गोंगाटासाठी ठीक, रेंजसाठी नाहीत.

मफ निवडताना मुलाला सोबत न्या. पट्टा सगळ्यांत लहान मापावर आणल्यावरही कप खाली घसरत असेल तर तो मफ मोठा आहे. पूर्ण कान कपाच्या आत मावला पाहिजे, कानाची पाळी गादीखाली दबता कामा नये. केस मागे घ्या, डूल काढा, टोपी पट्ट्याखाली नको. सुरक्षा चष्म्याच्या काड्या बारीक आणि चपट्या हव्यात, कारण जाड काडी गादी उचलते आणि तिथे फट पडते. मूल रायफल चालवणार असेल तर कप पातळ घ्या. गाल दस्त्यावर टेकला की जाड कप दस्त्याला अडतो, खालून उचलला जातो आणि नेमका बार होताना कान उघडा पडतो. हे दुकानात कळत नाही. न भरलेली रायफल खांद्याला लावून, रेंजवरच्या प्रशिक्षकासमोर तपासावं.

फोम प्लग लहान मापाचा घ्या. आधी हात धुवा: काडतुसं हाताळलेल्या बोटांवर शिसं असतं आणि तीच बोटं फोम वळतात. प्लग सुरकुती न पडता बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वरच्या टोकाला धरून वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. अर्धा बाहेर दिसत असेल तर काढून पुन्हा घालायचा. लहान मुलाला हे स्वतः करू देऊ नये. अगदी लहान मुलं प्लग तोंडात घालतात, तो घशात अडकू शकतो. त्यांना प्लग नको आणि रेंजही नको. मुलाच्या कानाचा साचा घेऊन बनवलेले प्लग छान बसतात, पण कान वाढतो तसे सैल पडतात, मग नवे करावे लागतात. कापसाचे बोळे आणि गाण्यांसाठीचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन यांचा इथे उपयोग नाही.

इलेक्ट्रॉनिक मफला पैसे जास्त लागतात, पण मुलांसाठी मला तो योग्य वाटतो. माइकमुळे बोलणं ऐकू येतं आणि मोठा आवाज आला की माइकवरून कानात येणारा आवाज आपोआप दाबला जातो, त्यामुळे सूचना ऐकायला मूल कप उचलत नाही. त्या उचलण्यातच नवशिक्यांचं नुकसान होऊ शकतं. सेल संपला तरी तो साध्या मफसारखं काम करत राहतो.

बसवलेलं बरोबर आहे का, हे मोटार किंवा पंखा अशा एकसारख्या आवाजाजवळ पाहा. दोन्ही कप तळहातांनी दाबा. मूल म्हणालं की आवाज अजून कमी झाला, तर पकड अपुरी आहे. दाराच्या बाहेरच सगळं घाला, दाराच्या बाहेर आल्यावरच काढा. गादी कडक झाली किंवा चिरली की बदला.

घरी आल्यावर कानात शिट्टी वाजते का, दडे बसल्यासारखे वाटतात का, हे मुलाला विचारा. मुलं आपणहून सांगत नाहीत. तसं असेल तर वाट न बघता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या आणि ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) काढा. आवाजाने झालेली हानी आधी ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दिसते आणि रोजच्या बोलण्यात जाणवतही नाही. नेमबाजी सुरू करण्याआधीचा ऑडिओग्राम हाताशी असेल तर डॉक्टरांना दोन आलेख शेजारी ठेवून बघता येतात.