जांबोटीकडच्या घराचा करारनामा

गेल्या आषाढात पुण्याचं एक कुटुंब आमच्या घरी राहायला निघालं आणि बेळगावातूनच परत गेलं. जांबोटीच्या रस्त्यावर झाड पडलं होतं आणि आमच्या गावाच्या अलीकडचा ओढा भरून वाहत होता. घर सांभाळणाऱ्या तात्यांचा फोन आला, "बाई, ओढ्यावरनं पाणी जायलंय, माणसं पाठवू नका. लई पाऊस पडायलाय." मी लगेच त्या कुटुंबातल्या बाईंना कळवलं. त्यांनी आधी सहा हजार पाठवले होते, ते परत मागितले. मी तीन हजार दिले. तात्यांच्या घरच्यांनी किराणा भरला होता, दूध सांगून ठेवलं होतं. दोन दिवस फोनवर बोलणं झालं आणि दोन्हीकडं मन दुखावलं. त्यांची चूक नव्हती, माझीही नव्हती. असं झालं तर काय करायचं हे आधी ठरलेलंच नव्हतं.

हे घर माझ्या सासऱ्यांनी बांधलं. पुढं पडवी, माजघर, मागं न्हाणीघर आणि पितळी बंब. आम्ही बेळगावात राहतो, म्हणून चार वर्षांपासून ते सुट्टीला येणाऱ्यांना देतो. इतके दिवस सगळं तोंडीच चालायचं. तोंडी ठरलेलाही करारच असतो, पण वाद झाला की कोण काय म्हणालं होतं ते दाखवायला काही हातात नसतं.

म्हणून वकिली करणाऱ्या भाच्याला घेऊन करारनामा लिहायला बसले. त्यानं आधी एकच विचारलं, "आत्या, ते सहा हजार ॲडव्हान्स होते की डिपॉझिट?" मला सांगता येईना. मी दोन्ही शब्द सारखेच वापरत आले होते. ॲडव्हान्स म्हणजे भाड्यातला भाग, तो शेवटच्या हिशोबात वळता होतो. डिपॉझिट म्हणजे अनामत, घर नीट परत मिळालं की ती जशीच्या तशी द्यायची. आता कागदावर दोन वेगळे आकडे आहेत आणि अनामत किती दिवसांत परत, तेही लिहिलंय. हुबळी-धारवाडचे पाहुणे येतात म्हणून शेजारच्या कन्नड शिक्षिकेकडून कन्नड प्रत करून घेतली. त्यांनी आगाऊ रकमेला 'मुंगड' आणि अनामतीला 'ठेवणी' लिहिलं. ठेवणी! आपल्या 'ठेव'चीच बहीण वाटते. ठेवलेलं ते परत द्यायचं, हे त्या एका शब्दात आलं. दोन प्रतींत फरक निघाला तर मराठी प्रत धरायची, असंही शेवटी घातलं.

मी रागानं एक कलम लिहून नेलं होतं, 'नियम मोडल्यास संपूर्ण अनामत जप्त.' त्यामागं मे महिन्यातली एक गोष्ट होती. बुकिंग आठ जणांचं, आले सतरा. त्यातला एक मुलगा फणस काढायला पडवीवर चढला. चौदा कौलं फुटली. जुन्या साच्याची ती कौलं आता मिळत नाहीत. नवी बसवली तर कड जुळत नाही, फटीतून पाणी गळतं. तात्यांनी पडक्या गोठ्यावरची कौलं उतरवून एकेक वाजवून बघितली आणि खणखणीत वाजली तेवढीच वर घातली. भाच्यानं माझं कलम खोडलं. १८७२ च्या करार कायद्याचं ७४ वं कलम म्हणतं, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, भरपाई त्याच्या आत आणि वाजवीच मिळते. म्हणून आता लिहिलंय ते असं: मोडतोड झाली तर दुरुस्तीचा खरा खर्च, पावतीसह, अनामतीतून. बुकिंगपेक्षा जास्त माणसं आली तर दर माणशी ठरलेला दर, आणि दहाच्या वर कुणालाच नाही. विहिरीचं पाणी आणि एकच संडास, घराला तेवढंच पेलतं.

बाकी कलमं भराभर झाली. हे भाडेकरूपण नाही, ठरलेल्या दिवसांपुरती राहायची परवानगी आहे. सही करणारा अठरा वर्षांच्या वरचा हवा. रात्री दहानंतर स्पीकर नाही. गोव्यातली दारू आणायची नाही. कणकुंबीच्या नाक्यावर गाड्या तपासतात आणि मला त्या भानगडीत तात्यांना ओढायचं नाही. घरी फोनला रेंज नसते, म्हणून सही निघायच्या आधीच.

सगळ्यात जास्त वेळ सातव्या कलमावर गेला. पावसानं रस्ता बंद झाला तर आगाऊ रक्कम पूर्ण परत, किंवा सहा महिन्यांत दुसरी तारीख. यातलं काय हवं ते पाहुण्यांनी ठरवायचं. किराण्याचा खर्च आमचा. पण रस्ता बंद आहे हे ठरवणार कोण? पोलिसांनी अडवला असेल तर प्रश्नच नाही. नाहीतर तात्यांचा शब्द शेवटचा. ते रस्त्यावर रेंजमध्ये येऊन ओढ्याचा फोटो पाठवतील, आणि पाणी ओढ्याच्या फरशी पुलावरून जात असेल तर गाडी घालायची नाही. पैशांसाठी कुणी त्या पाण्यात उतरावं, हे मला सहन होणार नाही.

काल रात्री शेवटची प्रत वाचली आणि पुण्याच्या त्या बाईंना उरलेले तीन हजार पाठवून दिले. सोबत लिहिलं, सातव्या कलमाप्रमाणे हे तुमचेच आहेत.