ऐन गणपतीत मशीन बसली तेव्हा

इंदूरला रामबागेत आमचं केस कापायचं दुकान बाबांच्या काळापासून आहे. वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी आम्हाला श्रावण अमावास्या आणि गणेश चतुर्थीच्या मधल्या तीन-चार दिवसांत असते, कारण आपली बरीच मराठी मंडळी श्रावणात केसाला हात लावू देत नाहीत. हिंदी लोकांचा सावन राखीला संपतो आणि आपला श्रावण पुढे पंधरा दिवस चालतो, म्हणजे तोपर्यंत आम्ही जवळजवळ रिकामेच.

त्या रिकाम्या दिवसांतच घात झाला. केस कापायच्या मशीनचं तेल संपलं होतं, आणायला जाणं राहिलं, आणि समोर नारळाच्या तेलाची बाटली होती म्हणून तेच दोन-दोन थेंब टाकत राहिलो.

चतुर्थीच्या आधीचा रविवार, बाकावर सहा जण, खुर्चीत जोशी गल्लीतले एक काका, उजवी बाजू झालेली आणि डावीकडे मशीन लावली तर ती केस कापायच्या ऐवजी ओढायला लागली. काका "अरे बाळा, दुखतंय" म्हणाले. ब्लेडला बोट लावलं तर चटका बसला, आणि दोन मिनिटांत ब्लेड हलायचीच बंद झाली, आतून नुसता घूंऽऽ आवाज. बिनवायरची दुसरी मशीन काढली तर ती महिनाभर चार्जच केली नव्हती, लाइट लागून लगेच विझली. बाकावरचा एक मुलगा म्हणतो, भिया जल्दी कर दो, गाडी पकडनी है. घाम फुटला मला. मग बाबांनी शिकवलेलं तेच, कंगवा आणि कैची घेतली, काकांची डावी बाजू पूर्ण हातानं उतरवली, वीस-पंचवीस मिनिटं गेली पण दोन्ही बाजू सारख्या आल्या. दोन गिऱ्हाइकं उठून गेली, त्याचं वाईट वाटलं.

रात्री प्लग काढून मशीन उघडली. आमच्या या वायरच्या मशीनमध्ये फिरणारी मोटर नसते, कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं असतं, आपली वीज 50 हर्ट्झची म्हणून ती कॉइल ब्लेड हलवणाऱ्या पट्टीला सेकंदाला 100 वेळा ओढते. ब्लेड अडकली की पट्टी हलत नाही, कॉइल नुसती गुणगुणते आणि तापते, म्हणजे मशीन मेली नव्हती. दोन स्क्रू काढले तर दोन्ही ब्लेडच्या मध्ये तेल आणि केसांच्या भुग्याचा काळपट लेप, अगदी खरवडून काढावा असा. नारळाचं तेल यासाठी नाहीच, ते 24 अंशांखाली गोठतं, इंदूरच्या जानेवारीत तर सकाळी बाटलीतच दगड होतं. जुन्या टूथब्रशनं स्पिरिट लावून सगळं साफ केलं, कोरडं पुसलं.

आता बसवताना खरी काळजी. हलणारी ब्लेड खालच्या ब्लेडच्या टोकापेक्षा जराशी मागे हवी, एक मिलिमीटरहून थोडी कमी, आणि दोन्ही कोपऱ्यांत सारखी. मी पहिल्यांदा अगदी बरोबरीत बसवली आणि मनगटावर फिरवून बघितली तर बारीक लाल रेघ उठली, हेच काकांच्या मानेवर झालं असतं. परत स्क्रू ढिले केले, मागे सरकवली, घट्ट केली. चालू केली तर कडकड आवाज, मग बाजूचा स्क्रू हळूहळू फिरवत गेलो आणि जिथे कडकड थांबली तिथेच सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी मशीनचं पातळ तेल आणलं. दातांवर तीन थेंब, दोन्ही कोपऱ्यांत एक-एक, चालू करून जास्तीचं पुसून घेतलं. आता दर चार-पाच गिऱ्हाइकांनी ब्रश मारतो, तेल टाकतो, आणि बिनवायरची मशीन चार्ज उतरलेली ठेवत नाही, लिथियमची बॅटरी तशी पडून राहिली की मरते.

चतुर्थीच्या आदल्या रात्री साडेदहापर्यंत तीच मशीन चालली, ब्लेड कोमट होती, बस.